हुसेनचाचांची दहा मिनिटं

आमच्या घरात घड्याळ नव्हतं. घेतलं असतं तरी आईबाबांना ते वाचता आलं नसतं. आई बंदरावरच्या शेडमध्ये कोळंबी सोलायची. दिवसभर बर्फातली कोळंबी सोलून तिच्या बोटांची टोकं पांढरी पडायची, आणि संध्याकाळी भाकरी थापताना ती चरचरायची. बाबा दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी. बोट आठ-दहा दिवसांसाठी जायची. ती नेमकी कधी येणार हे घरात कोणालाच ठाऊक नसायचं. बाबा आले की आले.

मी सहावीत होते तेव्हा बोट ठरल्या दिवशी आली नाही. पुढचे चार दिवस आई रोज कामावर गेली. मी विचारलं तर म्हणाली, घरी बसून काय करू, भिंतीकडं बघू? पण सोलता सोलता ती मध्येच उठायची आणि ओल्या हातांनी मच्छीमार सोसायटीच्या कचेरीच्या खिडकीशी जायची. एक दिवस शाळा सुटल्यावर मीही तिच्यामागून गेले. खिडकीच्या गजांआड एक वायरलेस सेट होता आणि त्याच्यासमोर एक उंच, हाडकुळे गृहस्थ कान देऊन बसले होते. आईने तोंड उघडायच्या आत ते म्हणाले, "नाय गो अजून. आता चार वाजून दहा झाले. साडेचारला पुन्हा हाक मारीन, तेव्हा ये."

आई तशीच उभी राहिली. साडेचार कधी होतात हे तिला कळत नव्हतं आणि ते सांगायची तिला लाज वाटत होती. गृहस्थांच्या ते लक्षात आलं असावं. बाहेर धक्क्यावर दोरखंडाचं एक वेटोळं पडलं होतं, तिकडे त्यांनी हात केला. "सावली त्या दोराला लागली की ये."

हे हुसेनचाचा. पाचव्या दिवशी बाबांची बोट दुसऱ्या बोटीच्या मागे बांधून आली. तोवर सावली दोराला किती वेळा लागली हे मी मोजलं नाही, पण प्रत्येक वेळी चाचा खुर्चीत होते.

चाचा पूर्वी तांडेल होते, म्हणजे बोट चालवणारे. चाळिशीतच त्यांनी समुद्र सोडला आणि सोसायटीच्या वायरलेससमोर येऊन बसले. का सोडला हे कोणी विचारत नसे. चौकड्यांची लुंगी, वर इस्त्रीचा पांढरा शर्ट, आणि चष्मा ठेवायला औषधी गोळ्यांचा पत्र्याचा एक जुना डबा. त्यांच्याजवळ कोणी बातमी घेऊन आलं की ते आधी एकच विचारत, "वख्त सांग." अमक्याची बोट आरे-वारेच्या समोर दिसली म्हणे. वख्त सांग. तमक्याच्या जाळ्याला मोठी सुरमई लागली. वख्त सांग. ज्याला वेळ सांगता यायची नाही त्याची बातमी त्यांच्या लेखी बातमीच नसे. मी बी.एस्सी. झाले तेव्हा पेढे घेऊन गेले. आमच्या घराण्यातली मी पहिली पदवीधर, आणि हे मी ज्याला त्याला सांगते, कारण ते सांगायला मला आवडतं. चाचांनी पेढा तोंडात टाकला आणि विचारलं, "निकाल किती वाजता लागला?"

मी अकरा म्हटलं. तेव्हा कुठे ते हसले. त्या दिवसापासून मला ते ग्रॅज्वेट म्हणू लागले.

पुढे त्याच सोसायटीत मला काम मिळालं. सोसायटीकडे कोणीतरी दिलेला एक जुना संगणक धूळ खात पडला होता. त्यावर नवीन विंडोज चालेना, म्हणून मी लिनक्स चढवलं. तोवर बोटींवर एकेक डबा बसवला गेला होता. तो डबा थोड्या थोड्या वेळाने आपलं ठिकाण कळवायचा, आणि आमच्या पडद्यावरच्या नकाशात त्या जागी हिरवा ठिपका उमटायचा. कडेला यादी. बोटीचं नाव आणि तिचा शेवटचा निरोप किती वाजता आला ती वेळ. मॉनिटर मी मुद्दाम खिडकीकडे तोंड करून ठेवला, म्हणजे गजांबाहेर उभ्या राहणाऱ्या बायकांना आपापला ठिपका दिसेल. मला त्याचा फार अभिमान वाटला होता. आईसारख्या कोणाला आता दोराच्या सावलीकडे बघत बसायला लागणार नव्हतं.

पहिल्याच आठवड्यात त्या मॉनिटरने घोळ घातला. दहा मिनिटं कोणी हात लावला नाही की संगणक आपला पडदा काळा करतो, हे मला माहीत होतं, पण ते बायकांना सांगायचं राहून गेलं. खिडकीत सहा-सात जणी उभ्या असताना पडदा फटकन काळा झाला आणि त्यातली एक जण मटकन खाली बसली. तिच्या डोळ्यांदेखत तिच्या नवऱ्याची बोट गेली होती. बाकीच्या ओरडायला लागल्या. मी आतल्या खोलीतून धावत येईपर्यंत चाचांनी वायरलेसवरून उठून माउसला हात लावला होता. सगळे ठिपके परत आले. चाचा खिडकीकडे वळून म्हणाले, "ह्यानं डोळे मिटले व्हते गो. बोटी तिथंच हायत."

तेव्हापासून ते चाचांचं काम झालं. त्यांनी आपली खुर्ची वायरलेस आणि संगणक यांच्या मध्ये आणून ठेवली. पडदा काळा झाला की डब्यातून चष्मा काढायचा, माउस दोन बोटांत धरून किंचित हलवायचा, गरीला मासा लागलाय का बघावं तसा, आणि मग यादी वरपासून खालपर्यंत मोठ्याने वाचायची. "गुलजार, दोन वाजून पाच. सागरकन्या, दोन वाजून नऊ." एकही नाव गाळायचं नाही, खिडकीत कोणी असो वा नसो. एखाद्या बोटीची वेळ जुनी दिसली की ते तिचं नाव दोनदा घेत आणि लगेच वायरलेसवर हाक मारत. समोर आणून ठेवलेला चहा यादी संपल्याशिवाय उचलत नसत. त्यांच्या चहावर कायम साय धरलेली असायची. दर दहा मिनिटांनी हे. बायकांना त्याची सवय झाली. पडदा काळा झाला की त्या बोलणं थांबवून कान द्यायच्या.

मला मात्र त्या काळ्या पडद्याची लाज वाटायची. बाहेरगावचे पाहुणे सोसायटी बघायला येत, आणि नेमका तेव्हाच पडदा झोपलेला असे. संगणक शिकलेली मुलगी इथे बसलेली असताना एका म्हाताऱ्या माणसाने दर दहा मिनिटांनी माउस हलवत बसायचं, हे मला बरं दिसत नव्हतं.

म्हणून एक दिवस मी सेटिंग उघडलं, स्क्रीनसेव्हरमध्ये गेले आणि पडदा काळा करण्याची वेळ 'कधीच नाही' अशी केली. चाचा शेजारून बघत होते. दहा मिनिटांनी पडदा काळा झाला.

"काय ग्रॅज्वेट," ते म्हणाले, "ऐकत नाय वाटतं तुझं."

दुसऱ्या दिवशी मी नीट शोधलं. तिथे एक नाही, दोन गोष्टी होत्या. एक स्क्रीनसेव्हर, तो पडद्यावर काळं पसरतो. दुसरी वीज वाचवायची सोय, ती मॉनिटरलाच झोपवते. एकीला बंद केलं तरी दुसरी आपलं काम करत राहते. मी आज्ञा लिहायची चौकट उघडून एक्ससेट नावाची आज्ञा दिली, दोन्हींची स्थिती बघितली आणि दोन्ही बंद केल्या. दहा मिनिटं झाली, वीस झाली, पडदा लख्ख. मी सगळ्यांना चहा मागवला. त्याच संध्याकाळी विजा चमकल्या, लाईट गेली, आली, संगणक नव्याने सुरू झाला आणि दहा मिनिटांनी पुन्हा काळा. चाचांनी नुसता डब्यातून चष्मा काढला. आज्ञा तेवढ्या बैठकीपुरतीच राहते, संगणक बंद झाला की तो ती विसरतो, हे माझ्या ध्यानात राहिलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी मी त्या दोन ओळी सुरुवातीच्या फायलीत लिहिल्या. म्हणजे संगणक जागा झाला की पहिल्यांदा त्याच वाचणार. त्यानंतर पडदा काळा झाला नाही.

चाचांनी अर्धा तास वाट बघितली. मग विचारलं, "आता मी वाचू कधी?"

मी हसून म्हटलं, वाचायची गरजच नाही चाचा, सगळ्यांना सगळं कायम दिसतंय.

"ठिपका दिसतो," ते म्हणाले. "वख्त कुठं दिसतो ह्यांना? वाचता कुठं येतं?"

त्यावर मी काय बोलले ते मला नीट आठवतं, कारण ते लिहायला आजही अवघड जातं. मी म्हटलं, ठिपका आहे म्हणजे बोट आहे, एवढं कळलं की पुरे. चाचा भांडणारे नव्हते. दोन-चार दिवस ते मधूनच आपल्या मनाने यादी वाचत राहिले, पण काळा पडदा नव्हता, त्यामुळे बायकांना कान द्यायचं सुचत नसे. त्या ठिपका बघून निघून जात. मग सोसायटीचे सचिवसाहेब म्हणाले, चाचा, आता घरी आराम करा, वायरलेस काय सुवर्णा बघेल. सुवर्णा म्हणजे मी. मी काहीच म्हटलं नाही. शिपायाने त्यांची खुर्ची उचलून कपाटाच्या बाजूला लावली.

ऑक्टोबर होता. सकाळी वारा फिरला आणि सगळ्या बोटींनी जवळच्या बंदरात शिरावं असा निरोप आला. मी वायरलेसवर सगळ्यांना सांगितलं. एकेक ठिपका जयगडच्या खाडीकडे सरकू लागला. बाबा 'गुलजार'वर होते. गुलजारचा ठिपका खाडीच्या तोंडाशी पोचलेला मी बघितला आणि बाहेर उभ्या आईला ओरडून सांगितलं, पोचले गो, बाबा जयगडला. आई पदराने तोंड पुसून शेडमध्ये गेली. त्यानंतर मी अर्ज भरले, फोन घेतले, डबा खाल्ला. मान वर केली की ठिपके जागच्या जागी. नांगर टाकलेल्या बोटी जागच्या जागीच असणार.

दुपारी चाचा भाजीची पिशवी घेऊन खिडकीवरून चालले होते. ते गजांशी थांबले. चष्म्याचा डबा खिशातच होता, चष्मा काढला, बराच वेळ आत बघितलं.

"ग्रॅज्वेट, वख्त किती सांगतोय तो?"

मी यादीकडे बघितलं. गुलजार, अकरा वीस. सागरकन्या, अकरा एकोणीस. सगळ्याच अकरा वीसच्या आसपास. भिंतीवरच्या घड्याळात पावणेचार झाले होते.

नकाशाचा प्रोग्राम अकरा वीसला अडकला होता. साडेचार तास मी एका चित्राकडे बघत होते. मी तो बंद करून पुन्हा लावला. ठिपके एकेक करून आले. दहा बोटी जयगडच्या आत होत्या. गुलजार नव्हती. ती खाडीच्या तोंडापासून बारा मैल बाहेर, उघड्या समुद्रात होती, आणि ती ज्या रेषेने गेली होती ती इंजिनाची रेषा नव्हती. ओंडका वाहत जावा तशी ती वाहत गेली होती.

चाचा आत आले, कपाटाजवळची खुर्ची ओढली आणि वायरलेस हातात घेतला. "गुलजार, गुलजार, गुलजार." नुसती खरखर. मी तटरक्षक दलाला कळवलं, बंदराच्या अधिकाऱ्यांना कळवलं. जयगडच्या बोटींना चाचांनी गाठलं. एका तांडेलाने सांगितलं, आम्ही गुलजारच्या बाजूनंच आत आलो, साडेअकराला सांगितलं असतंत तर दोर टाकला असता. आता ह्या पाण्यात खाडीच्या बाहेर पडता येत नाय. तो रागाने बोलला नाही. रागाने बोलला असता तर मला बरं वाटलं असतं.

मग करण्यासारखं काहीच उरलं नाही. आईला कोणीतरी बोलावून आणलं. ती गजांबाहेर उभी राहिली, हात ओले, आणि माझ्याकडे बघत राहिली.  तिच्या मुलीने पोचले म्हणून सांगितलं होतं. चाचा दर दहा मिनिटांनी हाक मारत होते आणि मधल्या वेळात गुलजारची वेळ मोठ्याने वाचत होते. चार वाजून दोन. चार वाजून बारा. ठिपका येत होता, म्हणजे डबा पाण्याच्या वर होता. एवढंच आम्हाला कळत होतं, आणि तो ठिपका दर वेळी थोडा आणखी डावीकडे जात होता.

मी म्हटलं, चाचा, माझ्यामुळे झालं. त्यांनी सेट खाली ठेवला.

"माझा धाकटा भाऊ व्हता, यासीन," ते म्हणाले. "मी तेव्हा बोटीवर. तापानं पडलो म्हणून एक फेरी घरी राह्यलो, तो माझ्या जागी गेला. मी इथं ह्या सेटसमोर बसलो. सेटचा लाल दिवा लागलेला. दिवा लागलाय म्हणजे सेट चालू. हाक आली नाय म्हणजे सगळं ठीक. दिवसभर त्या दिव्याकडं बघत बसलो. संध्याकाळी कोणीतरी बघितलं, वरची तार तुटली व्हती. दिवा आपला लागलेला." त्यांनी पडद्याकडे बोट केलं. "काळा पडदा बरा गो. माणूस उठतो तरी."

ती रात्र मी लिहीत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी वारा पडला. जयगडच्या दोन बोटी बाहेर पडल्या आणि गुलजारला बांधून घेऊन आल्या. पाचही जण जिवंत होते. खाडीच्या तोंडाशीच इंजिन बंद पडलं होतं आणि पाणी शिरून वायरलेसही. बोट वाहत असताना नांगराचा दोर सावरताना बाबांच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली. ते कधी झालं, असं मी त्यांना विचारलं. दुपारी, म्हणाले, एकच्या सुमाराला. त्या वेळी मी डबा खात होते. बाबा पुन्हा बोटीवर गेले नाहीत. ते मला कधी काही बोलले नाहीत. कोणीच बोललं नाही, आणि त्यावर मला काही करता येत नाही.

सोमवारी मी सुरुवातीच्या फायलीतल्या त्या दोन ओळी पुसल्या. लिहायला तीन दिवस लागले होते, पुसायला अर्धं मिनिट लागलं. स्क्रीनसेव्हरची वेळ पुन्हा दहा मिनिटं केली. प्रोग्राम अडकू नये म्हणून जे करता येईल तेही केलं, पण त्याबद्दल चाचांना मी काही सांगितलं नाही. त्यांची खुर्ची मी स्वतः उचलून जागेवर ठेवली. ते येऊन बसले, जसे काही कालच उठून गेले होते.

मात्र त्यानंतर त्यांनी एक नवीन चालू केलं. पडदा काळा झाला की ते आधी गजांबाहेर बघत आणि ज्या बाईचा माणूस बोटीवर असेल तिला आत बोलावत. माउस तिनेच हलवायचा. आपल्या बोटीची वेळ तिनेच वाचायची. ज्यांना आकडे येत नव्हते त्यांना त्यांनी खडूने धक्क्याच्या भिंतीवर शिकवलं, सावली कुठे असते तेव्हा किती वाजतात हे दाखवत. बाबा आता घरी असले तरी आई येत राहिली. शिकण्यात सगळ्यांत मागे तीच होती. सहा आणि नऊ यांत तिचा हमखास घोटाळा व्हायचा, आणि चुकलं की ती पदर तोंडात धरून बाहेर पळायला बघायची. चाचा म्हणत, "बस गो. समुद्र काय कुठं पळून जात नाय."

दोन वर्षांत चाचांची नजर गेली. डोळ्यांच्या डॉक्टरांनी उशीर झाला म्हणून सांगितलं. नातू त्यांना सकाळी आणून खिडकीखालच्या बाकावर बसवायचा. ते आत येत नसत. बाहेरून ऐकत. एखादीने वेळ चुकीची वाचली की त्यांना कसं कळायचं कोण जाणे, पण च्च असा आवाज यायचा आणि ती बाई पुन्हा वाचायची. मी त्यांच्यासाठी काहीतरी करू म्हणून ठिपक्यांची माहिती बोलून दाखवणारा प्रोग्राम बसवायचं म्हटलं. ते म्हणाले, नको. यंत्र दमत नाय, म्हणून त्याचं कोण ऐकत नाय.

गेल्या मे महिन्यात ते गेले. सगळ्या बोटी बाहेर होत्या, मासेमारीची पावसाळी बंदी लागायला थोडे दिवस होते. त्यांचा नातू सायकलवरून खिडकीशी आला आणि म्हणाला, दादा गेले.  मी खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिले. पहिलं तोंड उघडलं ते आईने.

"वख्त सांग," ती म्हणाली.

नऊ वाजून चाळीस मिनिटं, असं पोराने सांगितलं. आईने मान हलवली. तेवढ्यात पडदा काळा झाला. ती उठली, माउस दोन बोटांत धरून हलवला आणि यादी वाचायला लागली. मी तिच्या मागे उभी राहून प्रत्येक आकडा तपासला.

माझी आई शाळेत गेली नाही. ती आता अकरा बोटींच्या वेळा वरपासून खालपर्यंत वाचते, आणि सहा-नऊमध्ये चुकत नाही.